फामागुस्टा आणि अरुण खेत्रपाल

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल शिर्डीहून परतताना अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला थांबली. तेथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शेरमन आणि भारतात बनलेल्या विजयंतापर्यंत पन्नासच्या आसपास वाहने मांडून ठेवली आहेत. हिरवळीवर, झाडांच्या सावलीत उभे असलेले हे लोखंडी हत्ती पाहून आम्ही मुले अगदी हरखून गेलो. कोणी पॅटनच्या तोफेखाली उभे राहून छायाचित्रे काढली, कोणी चाकांचे पट्टे मोजले. मीही त्यांतलाच एक.

सेंच्युरियन जातीच्या रणगाड्याजवळ आमचे इतिहासाचे सर थांबले. याच जातीच्या 'फामागुस्टा' नावाच्या रणगाड्यात अरुण खेत्रपाल लढले, आणि तो रणगाडा याच गावातील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करून ठेवला आहे, असे त्यांनी सांगितले. मग सहज विचारल्यासारखे त्यांनी मला वय विचारले. मी एकवीस असे सांगितले. अरुणचे वयही तेवढेच होते, एवढेच बोलून सर पुढे गेले. परत आल्यावर मी ग्रंथालयात बसून त्या एकवीस वर्षांचा शोध घेतला. तोच येथे मांडतो.

अरुण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे आज पाकिस्तानात असलेल्या सरगोध्याचे. फाळणीत ते घर सुटले. पणजोबा शिखांच्या खालसा सैन्यात होते, आजोबा पहिल्या महायुद्धात लढले आणि वडील मदनलाल खेत्रपाल लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरमध्ये अधिकारी होते. सैनिकी पेशा अरुणच्या रक्तातच होता म्हणा ना. शिक्षण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये झाले. १९६७ साली हा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला. तो उत्तम पोहत असे आणि सॅक्सोफोन वाजवीत असे. प्रबोधिनीनंतर डेहराडूनची अकादमी झाली, आणि १३ जून १९७१ रोजी तो सेकंड लेफ्टनंट म्हणून १७ पूना हॉर्स या पलटणीत रुजू झाला. १८१७ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या या घोडदळाने पुढे घोडे सोडून रणगाडे स्वीकारले. १९६५ च्या युद्धात याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले होते.

नव्या अधिकाऱ्यांना रणगाड्याचे शिक्षण नगरलाच मिळते. अरुणही त्याच शिक्षणक्रमासाठी नगरला आला होता. तो पुरा होण्याआधीच युद्धाची चिन्हे दिसू लागली आणि त्याला पलटणीकडे बोलावणे आले. वाटेत तो दिल्लीला घरी थांबला. त्याच्या सामानात समारंभाचा निळा गणवेश आणि गोल्फच्या काठ्या होत्या. लाहोर जिंकल्यावर तेथे खेळायला आणि मेजवानीला हे सारे लागेल असा त्याचा हिशेब होता, अशी आठवण घरच्यांनी सांगितली आहे. ही आठवण वाचली तेव्हा मला तो परमवीर वाटलाच नाही. आमच्याच वसतिगृहातला, सहलीला निघालेला कोणी मित्र वाटला.

पूना हॉर्स शकरगढ विभागात उतरली. पाकिस्तानचा हा भाग भारताच्या बाजूला पुढे आलेला असल्याने जम्मूला पठाणकोटशी जोडणारा रस्ता धोक्यात होता. १५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने बसंतर नदी ओलांडून पलीकडे पाय रोवले. पण रणगाड्यांच्या आधारावाचून पायदळ फार काळ टिकत नाही, आणि मध्ये शत्रूने भूसुरुंग पेरलेले होते. वाट साफ करण्याचे काम अर्धेमुर्धेच झाले असताना लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांच्या पूना हॉर्सने त्याच सुरुंगांतून रणगाडे पुढे घातले आणि पहाटेपर्यंत पायदळ गाठले.

१६ डिसेंबरच्या सकाळी जरपाल गावाजवळ धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे चालून आले. आपल्या तेथील स्क्वॉड्रनची संख्या कमी पडली आणि तिने मदत मागितली. जवळच असलेला अरुण ताबडतोब निघाला. वाटेत शत्रूच्या ठाण्यांवरून मारा झाला. त्याने ती ठाणी तुडवली आणि काही सैनिकांना पिस्तुलाच्या धाकावर कैद केले. त्याच्या तुकडीतील एका रणगाड्याचा प्रमुख येथे मारला गेला. पुढे खरी झुंज जुंपली. कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि अरुण हे तिघे आघाडीवर होते. अहलावत यांचा रणगाडा निकामी झाला, मल्होत्रा यांची तोफ बंद पडली. उरला एकटा अरुण. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले. त्यांपैकी चार अरुणने उडवले, अशी नोंद त्याच्या मानपत्रात आहे.

याच वेळी फामागुस्टालाही गोळा लागून तो पेटला. रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावर आला. आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून अरुणने जागा सोडण्यास नकार दिला. तो मागे फिरता तर शत्रूची वाट मोकळी झाली असती आणि नदीपलीकडचे पायदळ उघडे पडले असते. शेवटचा पॅटन त्याच्यापासून सुमारे शंभर मीटरवर आला होता. तोही अरुणने टिपला. त्यानंतर दुसरा गोळा फामागुस्टावर आदळला. रणगाड्यातील चौघांपैकी नंद सिंग आणि अरुण मरण पावले, दोघे वाचले. शत्रूला मात्र ती फळी फोडता आली नाही. त्याच संध्याकाळी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

पेटलेला रणगाडा आणि अरुणचा देह पाकिस्तानी सैन्याच्या हाती पडला. पुढे दोन्ही परत मिळाले. सांब्याजवळ अंत्यसंस्कार झाले. मुलगा आता परत येईल म्हणून वाट पाहणाऱ्या आई-वडिलांना ही वार्ता कळायला काही दिवस गेले. परमवीर चक्र आईने स्वीकारले.

ही हकीकत येथेच संपत नाही. २००१ साली, ८१ वर्षांचे ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरात त्यांची व्यवस्था ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांच्या घरी होती. यजमानांनी आदरातिथ्यात काही कमी ठेवले नाही. निघण्याआधीच्या रात्री मात्र त्यांनी सांगितले, की बसंतरच्या लढाईत आपण १३ लान्सर्सच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख होतो आणि अरुण आपल्याच हातून मारला गेला. वृद्ध बापाने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी यजमानांचा निरोप घेतला. हा प्रसंग मी तीनदा वाचला. रणांगणावरचे शौर्य मला थोडेफार समजते. त्या रात्री त्या घरात दोघांनाही किती बळ लागले असेल, ते अजून समजलेले नाही.

परतीच्या बसमध्ये आमचा वाद झाला होता. वरिष्ठांचा हुकूम मोडणे ही शिस्त का, असे माझ्या एका मित्राचे म्हणणे. तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आता वाटते, अरुणला तो हुकूम त्याचा स्वतःचा जीव वाचवण्यासाठी होता. त्याने तेवढाच मोडला. ज्या कामासाठी त्याला पाठवले होते, ते त्याने सोडले नाही. त्याच्या शेजारी नंद सिंगही होता, हे मात्र आपण विसरता कामा नये. त्या निर्णयाची किंमत दोन घरांनी दिली.

फामागुस्टाची दुरुस्ती झाली. ज्या नगरात अरुणचा शिक्षणक्रम अर्धवट राहिला, तेथेच आज तो रणगाडा उभा आहे. पुढच्या वर्षी सहल नगरला जाईल, तेव्हा आपल्यापैकी जे जातील त्यांनी छायाचित्रे अवश्य काढावीत. पण सेंच्युरियनसमोर क्षणभर थांबून आत चौघांना बसायला जागा किती असेल, याचा अंदाज घ्यावा. माझ्या त्या दिवशीच्या छायाचित्रात मी तोफेला टेकून हसतो आहे. ते मी अजून कोणाला दाखवलेले नाही.