ऐपतीबाहेर पाहिलेले जग

दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपला समाज लोटतो. नंदुरबारकडूनही माणसे जातात. 31 जुलै 1937 रोजी परमपूज्य बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि या बंगल्यात उतरले होते, त्याची ही आठवण. नंदुरबार जिल्हा तर 1998 साली वेगळा झाला. त्या काळी आपण सारे पश्चिम खानदेशातले, धुळ्याच्याच कारभाराखालचे. म्हणून ही आठवण आपलीही आहे.

डोंगरावरच्या सरकारी बंगल्यात उतरणारा हा बॅरिस्टर याच खानदेशात आठ वर्षांपूर्वी टांग्यातून फेकला गेला होता. 1929 साली चाळीसगावला एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. शेवटी वस्तीतल्याच एकाने, सवय नसताना, लगाम हाती धरला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बंगला आणि टांगा, हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवल्याशिवाय बाबासाहेबांचा सूट आणि त्यांचे राजगृह समजत नाही.

गरिबांच्या नेत्याला सूट कशाला, एवढे मोठे घर कशाला, असे विचारणारे आजही भेटतात. हा प्रश्न टिळक-नेहरूंच्या घरांविषयी कोणी विचारत नाही. पण आपल्या घरातही दुसऱ्या रूपात तोच प्रश्न असतो. मुलाने पुण्या-मुंबईच्या कॉलेजचे नाव काढले की बाप म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. बाबासाहेबांनी अंथरूण पाहिले असते तर काय झाले असते?

सुभेदार रामजींचा हा मुलगा साताऱ्याच्या शाळेत स्वतः नेलेल्या गोणपाटावर बसला. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत, घरची माणसे झोपलेली असताना, पहाटे दोनला उठून त्याने अभ्यास केला. 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कला पोहोचला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. विद्यापीठाचे वसतिगृह, टेबलावरचे जेवण, भव्य ग्रंथालय आणि जात न विचारणारे सोबती! चरित्रकार सांगतात की सुरुवातीचे काही दिवस मौजेत गेले. बावीस वर्षे दाराबाहेर उभे राहिलेल्या तरुणाला दार उघडे मिळाले, तर तो थोडा हसला-खेळला यात नवल ते काय? पण लवकरच घरची माणसे डोळ्यांपुढे आली आणि तो पुस्तकांत बुडाला. जेवणात काटकसर करून त्याने सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले.

हे सुख फुकटचे नव्हते. इकडे रमाईने काटकसरीत संसार ओढला, लेकरे गमावली. पुढे दादरला राजगृह उभे राहिले, पण 27 मे 1935 रोजी ती माऊली गेली. त्या घरात तिला फार थोडे दिवस मिळाले. बाबासाहेबांच्या सुटाकडे पाहताना रमाईचे लुगडे विसरता येत नाही.

1917 साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. माणूस म्हणून जगण्याचा अनुभव घेतला नसता, तर हा अपमान कदाचित नशिबाचा भोग वाटला असता. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे तो अन्याय म्हणून अधिकच बोचला. ज्याने समान पंगत पाहिली, त्याला उष्टे गोड लागत नाही. बाबासाहेबांच्या महत्त्वाकांक्षेला इथे धार चढली, असे मला वाटते.

मग 1920 साली मित्र नवल भथेनांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते लंडनला गेले. अर्धपोटी राहून 1923 साली डी.एस्सी. मिळवली, बॅरिस्टर झाले. पुढे 1930 साली सम्राटासमोर भरलेल्या गोलमेज परिषदेत ते अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. राजगृह बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. उंची फाउंटन पेनचा त्यांना शौक होता. पण त्या पेनाने मसुदे लिहिले ते समाजाच्या हक्कांचे.

जे आपण पाहिले ते आपल्या मुलांनीही पाहावे, हा त्यांचा ध्यास होता. म्हणून 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद. नागसेनवनात त्यांनी प्रशस्त इमारती आणि वसतिगृहे उभी केली. गरिबाच्या मुलाला पत्र्याची खोली पुरे, असे ते कधीच म्हणाले नाहीत.

मात्र बंगला पाहून बंगल्यातच अडकलेल्यांचे काय? 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी निराशा केल्याची खंत बाबासाहेबांनी जाहीर बोलून दाखवली. सुखाचा अनुभव आपल्यापुरता ठेवला की तो चैन होतो. वस्तीकडे वळवला की त्याची चळवळ होते.

म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील जयंती मंडळांना माझी एक विनंती आहे. डीजेच्या खर्चाचा थोडा भाग बाजूला काढा. दरवर्षी वस्तीतली दहा मुले-मुली मुंबईला न्या. राजगृह दाखवा, सिद्धार्थ महाविद्यालय दाखवा, उच्च न्यायालयाची इमारत दाखवा. परतताना नागसेनवन दाखवा. एक वेळ चांगल्या हॉटेलात, स्वच्छ टेबलावर, ताठ मानेने जेवू घाला. बरोबर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहितीही द्या. एका दिवसाने गरिबी हटणार नाही, हे मलाही कळते. परंतु घरी आल्यावर त्या मुलीला आपली खोली लहान वाटली, तर घाबरू नका. तिथूनच तिचा अभ्यास सुरू होईल.

जय भीम!