वनौषधींचे पारखी गार्सिया द ओर्ता

उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी बहरणारा सह्याद्रीतील कुडा आपणा कोल्हापूरकरांच्या परिचयाचा आहे. आमांशावर त्याची कडू साल देण्याची परंपरा फार जुनी. असे देशी ज्ञान साडेचारशे वर्षांपूर्वी छापील ग्रंथातून युरोपपर्यंत पोहोचविणाऱ्या गोव्यातील एका वैद्याचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

गार्सिया द ओर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विदे येथे झाला. आईवडील स्पेनमधून परागंदा झालेले ज्यू होते. पुढे १४९७ मध्येच पोर्तुगालच्या ज्यूंवरही सक्तीने ख्रिस्ती धर्म लादला गेला होता. सालामांका व अल्काला येथे शिकून ओर्ता लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक झाले आणि १५३४ मध्ये गोव्यास आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्यांचा वैद्य व स्नेही म्हणून संबंध होता.

भारतीय औषधी द्रव्यांवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. द्रव्यांची स्थानिक नावे विचारावीत, येथील वैद्यांचे उपचार पाहावेत आणि ते प्राचीन ग्रंथांशी ताडून पाहावेत, ही त्यांची पद्धत होती. ग्रीक आचार्यांचे मत अनुभवास उतरले नाही, तर ते तसे नमूद करीत. आमांशावरील ज्या मलबारी औषधाचे त्यांनी वर्णन केले, ते अभ्यासकांनी कुडा म्हणून ओळखले आहे.

१५६८ मध्ये ओर्ता निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून धर्मन्यायालयाने जिवंत जाळले. १५८० मध्ये ओर्तांच्याही अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ग्रंथ मात्र तोवर लॅटिन सारांशरूपाने युरोपभर गेला होता.

आज प्रयोगशाळेत वनस्पतीच्या अर्काची परीक्षा काचेच्या ताटलीत होते. आगारवर जिवाणू पसरून अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात आणि ताटली सुमारे ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर राखतात. चकतीभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वलय मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारी नुसत्या द्रावकाची चकती हवीच. अन्यथा गुण अर्काचा की द्रावकाचा, हे कळणार नाही.

वलय उमटले म्हणजे औषध सिद्ध झाले असे नाही, आणि न उमटले म्हणजे वनस्पती निरुपयोगी ठरली असेही नाही. आमांशाचे एक कारण असलेला अमीबा जिवाणू नव्हे. कुड्याच्या सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड त्याच्यावर परिणाम करते. केवळ जिवाणूंच्या ताटलीवरून निकाल देणारा हा गुण हुकवील.

म्हणून आमच्या मुलामुलींनी आजीच्या औषधाला हसू नये आणि ते डोळे मिटून स्वीकारूही नये. ताटलीत जे दिसेल, ते वहीत जसेच्या तसे लिहावे. सत्तेला न रुचणाऱ्या कुळात जन्मलेल्या ओर्तांनी आपल्या ग्रंथात हेच केले होते.