येवला घोषणेच्या वर्षी ताजमध्ये वाजलेले व्हायोलिन

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, हे आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आले. सगळे वादक कृष्णवर्णीय असलेला जॅझ बँड मुंबईत येण्याची ती पहिली वेळ होती. हा माणूस आपल्या तरुणांना माहीत असायला हवा, असे आम्हाला वाटते.

ॲबी यांचा जन्म १९०० साली मिनियापोलिसचा. लहानपणीच ते व्हायोलिन शिकले. व्हायोलिन हे युरोपच्या अभिजात संगीताचे मानाचे वाद्य. पण अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांची दारे काळ्या वादकांना बंद होती. एडी साउथ यांच्यासारखा तयारीचा वादकही केवळ कातडीच्या रंगामुळे बाहेर राहिला. विद्या अंगी असली तरी जागा नाही, हा न्याय आपल्याला नवा नाही.

दार बंद म्हणून या वादकांनी वाद्य खाली ठेवले नाही. ॲबी १९२० पासून पाच वर्षे जे. रोझामंड जॉन्सन यांच्या बँडमध्ये होते. आफ्रिकन-अमेरिकन समाज जे गीत आपले राष्ट्रगीत मानतो, त्याची चाल याच जॉन्सन यांची. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत सॅव्हॉय बॉलरूम सुरू झाले. काळे आणि गोरे तिथे एकाच फरशीवर नाचत. तिथल्या ‘सॅव्हॉय बेअरकॅट्स’ बँडचे नेतृत्व ॲबी यांनी केले. पुढे १९२७ मध्ये दक्षिण अमेरिका आणि मग युरोप असा त्यांचा प्रवास झाला.

जॅझमध्ये व्हायोलिन टिकवणे सोपे नव्हते. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या दणक्यात त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय जॅझचा वादक लिहिलेल्या सुरांपुरता थांबत नाही. मूळ चाल मनात ठेवून तो ऐनवेळी नवे सूर रचतो. ॲबी हातात व्हायोलिन घेऊनच बँड चालवत राहिले. स्टफ स्मिथ यांनी तर १९३० च्या दशकात व्हायोलिनला विजेचा ध्वनिवर्धक जोडला. वाद्य जुनेच होते, पण त्यातून बोलणारा माणूस नवा होता.

ताजमध्ये ॲबींना ऐकणारे संस्थानिक, साहेब आणि धनिक होते. गिरणगावच्या चाळीतल्या आपल्या माणसांना ती पायरी परवडणारी नव्हती. पण त्याच दशकात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरत होता. तमाशाचा साचा घेऊन त्यातली देवादिकांची स्तुती जलशाने काढली आणि तिथे माणसाचा हक्क आणला. ॲबी आणि कर्डक एकमेकांना ओळखत नव्हते. तरीही परंपरेकडे दोघांनी एकाच नजरेने पाहिले, असे आम्ही मानतो.

ॲबींनंतर टेडी वेदरफोर्ड ताजमध्ये वाजवू लागले. त्यांच्या बँडमध्ये गोव्याचे वादकही होते. गोव्याच्या वादकांनी जॅझचा ठेका हिंदी सिनेमात नेला. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) गोव्याच्याच चिक चॉकलेट यांचा हात होता. दुसरीकडे वामनदादांनी १९४३ साली आपले पहिले गीत रचले, तेच मुळी एका हिंदी सिनेमागीताच्या चालीवर. सूर असा हॉटेलातून सिनेमात आणि सिनेमातून वस्तीत पोहोचतो.

महायुद्ध पेटले तेव्हा, १९३९ मध्ये, ॲबी अमेरिकेत परतले. शिकागोत ते १९६० च्या दशकापर्यंत वाजवत राहिले आणि १९७५ साली तिथेच वारले.

जालना जिल्ह्यातल्या वस्त्यांत काम करताना आम्ही दर एप्रिलला एक वाद ऐकतो. की-बोर्ड आणि डीजेने भीमगीत बिघडले, असे जुने म्हणतात. पेटी-ढोलकी आता कोण ऐकतो, असे तरुण विचारतात. पेटीसुद्धा युरोपातूनच आली, हे दोघेही विसरतात. आमच्या मते वाद वाद्याचा नाहीच. त्या वाद्यातून विचार ऐकू येतो की नुसता दणका, एवढेच तपासावे. दणक्यात शब्द बुडत असतील तर ते नवेपण काय कामाचे? आणि आपल्या वस्तीतली एखादी मुलगी व्हायोलिन शिकू म्हणाली, तर ते आपले वाद्य नाही असे तिला सांगू नका. येत्या जयंतीला मंडळाच्या वर्गणीतला एक वाटा अशा मुलांच्या शिकवणीसाठी काढून ठेवू या.

जय भीम.