विल्बर राइट : वाळूतली दुरुस्ती

विमानाचा शोध म्हटले की १७ डिसेंबर १९०३ ही तारीख सांगतात. मला त्याआधीचे तीन दिवस मोठे वाटतात.

विल्बर राइट यांचा जन्म १८६७ चा. धाकटे बंधू ऑर्व्हिल यांच्याबरोबर अमेरिकेत डेटन येथे त्यांचे सायकलचे दुकान होते. विमानाचा खर्च त्याच कमाईतून, सरकारी अनुदान नाही!

किटी हॉकजवळ १४ डिसेंबरला नाणे उडवले आणि पहिली संधी विल्बर यांना मिळाली. त्यांनी नाक जास्तच वर उचलले, वेग गेला आणि साडेतीन सेकंदांत विमान वाळूत आदळले. त्याला चाके नव्हती, खाली लाकडी पट्ट्या होत्या. त्यातली एक मोडली, पुढच्या सुकाणूचा सांगाडाही तुटला. दोघा भावांनी स्वतःच दोन दिवसांत ते नीट केले.

आता पाळी ऑर्व्हिल यांची. १७ तारखेला ते १२ सेकंदांत १२० फूट उडाले, म्हणजे आपल्या नामपल्ली स्टेशनच्या फलाटाइतकेही नाही. पण पहिल्या उड्डाणाचा मान धाकट्याकडे गेला. त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेले. उतरताना पुढचा सांगाडा पुन्हा मोडला. थोड्याच वेळात वाऱ्याने उभे विमान उलथवले आणि ते पुन्हा कधीच उडाले नाही.

१९१२ मध्ये विल्बर विषमज्वराने गेले. वय अवघे ४५.