मलायाचे तुंकू अब्दुल रहमान

यंदाच्या स्मरणिकेत थोर व्यक्तींची चरित्रे द्यावयाची असे ठरले आणि अध्यक्षाबाईंनी मलाही एक लिहावयास सांगितले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय म्हणजे वाण्याची यादी. पण नाही म्हणवेना. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

माझ्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त मलेशियात असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने तिकडची नोट दाखविली. तिच्यावर राजाचे चित्र होते. मला वाटले, आताचा राजा असेल. पण तो तेथील पहिला राजा निघाला. तेथे नऊ संस्थानिक आहेत आणि दर पाच वर्षांनी ते आपल्यातून एकाला साऱ्या देशाचा राजा निवडतात. राज्य पाळीपाळीने, आपल्या भिशीसारखे! मला भारी नवल वाटले. मग ज्यांच्या पुढारपणाखाली ही घडी बसली, त्या तुंकूंची हकीकत मी भाच्याकडून ऐकली, वाचनालयातून आणून वाचली.

तुंकू म्हणजे राजपुत्र. अब्दुल रहमान यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1903 रोजी केडा राज्यात आलोर सेतार येथे झाला. वडील तेथील सुलतान, आई सयामी घराण्यातली. त्यांची पहिली पत्नीही थाई-चिनी रक्ताची होती. म्हणजे निरनिराळ्या जातीची माणसे एका छपराखाली नांदताना त्यांनी घरातच पाहिली.

ते विलायतेस शिकले, पण बॅरिस्टरीची परीक्षा काही पुरी होईना. राजपुत्र असूनही अपयश घेऊन परतले आणि अंमलदाराची नोकरी करू लागले. महायुद्ध संपल्यावर पुन्हा विलायतेस गेले आणि पंचेचाळिशी उलटल्यावर बॅरिस्टर झाले! आपल्या वयाच्या बायकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा मलायावर इंग्रजांचा अंमल होता. वस्तीत निम्मे मलायी, एकतृतीयांशाहून अधिक चिनी आणि दहावा हिस्सा आपल्याकडचे, बहुतेक तामिळ. चिनी कथलाच्या खाणींवर नि व्यापारात, तामिळ रबराच्या मळ्यांत. धर्म निराळा, भाषा निराळी, चूल निराळी. हे लोक एक होतील असे पुष्कळांना वाटत नव्हते.

तुंकू 1951 साली मलायी पक्षाचे अध्यक्ष झाले. त्यांनी चिन्यांच्या आणि हिंदी लोकांच्या पक्षांशी युती केली. 1955 च्या निवडणुकीत मतदारांपैकी पाचांतले चार मलायीच होते. बहुतेक जागा आपल्याच माणसांना द्या, असा स्वकीयांचा आग्रह होता. तुंकूंनी तो मानला नाही. युतीने 52 पैकी 51 जागा जिंकल्या, त्यांत 15 चिनी आणि 2 हिंदी होते. मलायी मतदारांनी परक्या जातीच्या माणसांना निवडून दिले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

31 ऑगस्ट 1957 रोजी मलाया स्वतंत्र झाला. तुंकूंनी भरसभेत स्वातंत्र्याचा जयघोष सात वेळा केला आणि ते पहिले पंतप्रधान झाले. घटनेत देवाणघेवाण होती. मलायी लोकांचे खास हक्क, सुलतान आणि इस्लाम धर्माचे स्थान कायम राहिले. इतरांना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली आणि पुढे त्या भूमीत जन्मणाऱ्यांना नागरिकत्व. राजा साऱ्यांचा, म्हणून निष्ठाही साऱ्यांची.

1963 साली मलेशिया झाला. पण 1965 साली सिंगापूर वेगळे झाले. तो निर्णय घेताना तुंकू विलायतेत नागीण उठून अंथरुणावर होते. त्याहून मोठा घाव 1969 चा. मे महिन्यात निवडणूक झाली आणि 13 तारखेस क्वालालंपुरात मलायी व चिनी यांच्यात दंगल उसळली. सरकारी आकड्याप्रमाणे 196 माणसे मेली. मलायींना वाटे, आपण गरीबच राहिलो. चिन्यांना वाटे, आपली भाषा नि मुले मागे पडतात. वर पुढारी एका पंक्तीला बसले, पण खाली शेजाऱ्यांची मने जुळली नव्हती.

31 ऑगस्ट 1970 रोजी त्या राष्ट्राने पाच तत्त्वे जाहीर केली. त्यांत देवावरील श्रद्धेनंतर राजा व देश यांच्यावरील निष्ठा आहे, तसेच सदाचार आणि सौजन्यही आहे. पुढच्याच महिन्यात तुंकू पायउतार झाले. नवा राजा त्यांचा पुतण्याच होता. उतारवयातही ते वर्तमानपत्रात लिहीत राहिले आणि सत्ताधाऱ्यांनाही बोलत राहिले. 6 डिसेंबर 1990 रोजी ते वारले.

हे वाचताना मला आमच्या नळावरचे भांडण आठवले. शेजारच्या तामिळ बाई वीस वर्षे आमच्या चाळीत आहेत. हे आजारी होते तेव्हा त्यांनी आठवडाभर डबा दिला. तरी एका हंड्यापायी मी त्यांना बाहेरच्या म्हटले. ज्याला आपण घरचे मानीत नाही, त्याच्याकडून घराचा अभिमान कसा मागावा?

संक्रांतीला मी स्वतः त्यांच्या दारी तिळगूळ घेऊन गेले. अजून पूर्वीसारखे बोलणे नाही. पण हंडा आधी कोणी लावला याचा हिशेब आता मी ठेवीत नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे त्यांना करावे, एवढीच माझी विनंती आहे.