गाणे सर्वांचे झाले

तमिळ भाषेचे थोर कवी सुब्रह्मण्य भारती यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी तमिळनाडूतील एट्टयपुरम या गावी झाला. काव्यरचनेतील त्यांची गती पाहून तेथील दरबारातील विद्वानांनी त्यांना अकराव्या वर्षीच ‘भारती’ ही पदवी दिली. भारती म्हणजे सरस्वती. पुढे याच नावाने ते ओळखले जाऊ लागले.

काही वर्षे काशीत शिक्षण घेऊन ते दक्षिणेत परतले आणि १९०४ मध्ये मद्रासच्या ‘स्वदेशमित्रन’ वृत्तपत्रात काम करू लागले. लोकमान्य टिळकांविषयी त्यांना नितांत आदर होता. १९०७ च्या सुरत काँग्रेसलाही ते गेले होते. १९०८ मध्ये अटकेचा धोका दिसताच त्यांनी फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरी गाठली. तेथील दहा वर्षांच्या वास्तव्यात घरात दारिद्र्य होते, परंतु त्यांच्या अनेक श्रेष्ठ कविता याच काळात जन्मल्या. १९१८ मध्ये ब्रिटिश हद्दीत येताच त्यांना अटक झाली. सुटकेनंतर अवघ्या तीन वर्षांनी, सप्टेंबर १९२१ मध्ये, मद्रास येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय केवळ ३८ वर्षे होते.

भारतींनी मागे धन ठेवले नाही. ठेवली ती गाणी. पत्नी चेल्लम्माळ यांनी ती पुस्तकरूपाने छापण्याचे कार्य हाती घेतले. सभांतून, मिरवणुकांतून लोक ती गाऊ लागले. १९२८ मध्ये मद्रास सरकारने या पुस्तकांवर बंदी घातली, तरी लोकांच्या ओठांवरील गाणी जप्त करता आली नाहीत.

पुढे अडचण आली ती वेगळीच. लेखकाच्या कृतीवर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क असतो. परवानगीवाचून ती कोणी छापू वा ध्वनिमुद्रित करू शकत नाही. यालाच स्वामित्वहक्क म्हणतात. हा हक्क विकताही येतो. भारतींच्या पुस्तकांचे हक्क त्यांचे सावत्र बंधू विश्वनाथन यांच्याकडे गेले, तर ध्वनिमुद्रणाचे हक्क चित्रपटनिर्माते ए. व्ही. मेय्यप्पन यांनी विकत घेतले. मग दुसऱ्या एका चित्रपटात भारतींचे गीत येताच वाद उभा राहिला. ज्या कवीने देशासाठी गायिले, त्याचे गीत गाण्यास देशबांधवांना परवानगी का लागावी, असा प्रश्न लेखक, कलावंत व सामान्य वाचक विचारू लागले. तथापि हक्क विकत घेणाऱ्याने कायदा मोडला नव्हता, आणि कवीच्या कुटुंबाचा विचार करणेही आवश्यक होते.

अखेर मद्रास सरकारने १९४९ मध्ये भारतींच्या साहित्याचे हक्क स्वतःकडे घेतले. मेय्यप्पन यांनी आपला हक्क मोबदला न घेता सोडून दिला. कुटुंबीयांना सरकारने मोबदला दिला. पुढे हे साहित्य सर्वांसाठी खुले झाले. एरव्ही कायद्यातील ५० वर्षांच्या मुदतीनुसार लोकांना १९७१ अखेरपर्यंत थांबावे लागले असते. आता भारतात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे.

कष्ट करणाऱ्यास मोल मिळावे आणि समाजाला त्याची कृती मुक्तपणे अनुभवता यावी, या दोन्ही गोष्टी न्याय्य आहेत. भारतींच्या बाबतीत त्यांचा मेळ घातला गेला. म्हणूनच आज शाळेतील मूल असो वा रस्त्यावरचा गायक, भारतींचे गीत गाताना त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.