दूधक्रांती गोठ्यापर्यंत नेणारे मणिभाई देसाई



माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आपण लाल कंधारी आणि देवणी जनावरे पाहिली असतील. बैल घेताना आपण त्याचा खांदा, खूर आणि चाल बघतो. गाय घेताना मात्र पहिला प्रश्न असतो, दूध किती देते? देवणी गाय एका वेतात साधारण 800 ते 900 लिटर दूध देते, लाल कंधारी सुमारे 600 लिटर. ओळख नसलेली गावठी गाय बहुधा याहूनही कमी देते. मग देशात दुधाचा महापूर आला तो कसा?

दूधक्रांती म्हटले की आणंद, डॉ. वर्गीस कुरियन आणि 1970 साली सुरू झालेली ‘ऑपरेशन फ्लड’ योजना आठवते. सहकारी संघ, शीतकरण आणि शहराची बाजारपेठ यांमुळे दुधाला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले. पण विकायला दूध हवे, तर गोठ्यात जास्त दूध देणारी गाय हवी. हे काम आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी केले.

गांधीजींनी सोपवलेले गाव

मणिभाईंचा जन्म 27 एप्रिल 1920 रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावी शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण विज्ञानाचे झाले. 1942 च्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि पुढे ते गांधीजींकडे सेवाग्रामला गेले. मार्च 1946 मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले. तिथे त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तो पंचविशीतल्या मणिभाईंच्या हाती सोपवला. मणिभाईंनी उरुळीलाच आयुष्य वाहिले. ते अविवाहित राहिले.

गाव गरीब होते, जमीन कोरडवाहू होती. आश्रमात येणाऱ्या रुग्णांपेक्षा गावाचे दारिद्र्य मोठे आहे, हे मणिभाईंनी ओळखले. त्यांनी शाळा काढली, शेती सुधारली आणि आश्रमाच्या गोशाळेत गीर गाई आणल्या. ते शेतीशास्त्राचे पदवीधर नव्हते. प्रत्येक गाईच्या दुधाची नोंद, चांगल्या गाईच्या पोटची कालवड राखणे, वळूची निवड आणि पुरेसा हिरवा चारा या मार्गाने त्यांनी गीर गाईंचे दूध वाढवले.

गीरकडून संकराकडे

नुसत्या निवडीने वाण सुधारायला पिढ्या जातात, हे मणिभाईंना अनुभवाने कळले. गाईची एक पिढी म्हणजे चार-पाच वर्षे. गरीब शेतकऱ्याला तेवढे थांबणे परवडत नव्हते. म्हणून गावठी गाईला होल्स्टीन फ्रिजियन किंवा जर्सी वळूचे रेत द्यायचे आणि पहिल्याच पिढीत जास्त दुधाची कालवड मिळवायची, हा मार्ग त्यांनी धरला. गांधीजींच्या आश्रमातल्या माणसाने परदेशी वळूचे रेत का वापरावे, असा प्रश्न आपल्याला पडेल. मणिभाईंचा हिशोब भुकेचा होता. तीन चांगल्या संकरित गाई नीट सांभाळल्या तर एक कुटुंब गरिबीतून वर येऊ शकते, असे त्यांचे गणित होते.

या कामासाठी 1967 साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली.

दवाखान्यात नव्हे, दारात

बाएफचा खरा बदल वळूपेक्षा सेवेत होता. गाईचा माज साधारण 12 ते 18 तास टिकतो. शेतकऱ्याने काम सोडून गाय चालवत दूरच्या दवाखान्यात न्यायची, तोवर माज निघून जातो आणि गाय रिकामी परत येते. त्यानंतर पुन्हा 21 दिवस वाट पाहावी लागते. बाएफने हे उलटे केले. उणे 196 अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रात गोठवलेले रेत घेऊन प्रशिक्षित तंत्रज्ञ मोटारसायकलवर शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊ लागला. सहकारी साखर कारखान्यांनी आपल्या कार्यक्षेत्रात अशा केंद्रांचा खर्च उचलला. पुढे हे काम इतर राज्यांतही पोचले.

चाऱ्यासाठी मणिभाईंनी सुबाभळीचा प्रसार केला. रेतन, चारा आणि आरोग्य या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तरच दूध वाढते, हे त्यांनी काम करून दाखवले.

1968 मध्ये त्यांना पद्मश्री आणि 1982 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 14 नोव्हेंबर 1993 रोजी त्यांचे निधन झाले.

दूध वाढले, पेंडही वाढली

1970-71 मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे 2.2 कोटी टन होते. 2022-23 मध्ये ते 23 कोटी टनांपर्यंत गेले. यात म्हशींचा वाटा मोठा आहे, पण संकरित गाईंचाही हातभार मोलाचा आहे.

याच काळात 1986 साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षांत तेलबियांचे उत्पादन दुपटीवर गेले. आपल्या भागात पुढे सोयाबीन मुख्य पीक झाले. बियाण्यातून तेल काढल्यावर उरते ती पेंड, आणि पेंड हे दुभत्या जनावराचे प्रथिन. लातूरच्या बाजारात विकलेले सोयाबीन पशुखाद्याच्या पोत्यातून महाग होऊन आपल्याच गोठ्यात परत येते. शेतकरी गटाने पेंड, मका आणि क्षार मिश्रण एकत्र खरेदी करून गावातच खाद्य तयार केले, तर हा खर्च कमी करता येतो.

लातूर-नांदेडने काय घ्यावे?

मणिभाईंचे काम जसेच्या तसे उचलू नका, त्यामागचा विचार घ्या.

1. शुद्ध देवणी आणि लाल कंधारी गाईला परदेशी रेत देऊ नका. त्याच जातीच्या, जास्त दुधाच्या आईच्या वळूचे रेत मागा. हे वाण आपल्या उन्हाला आणि चाराटंचाईला टिकतात. एकदा मिसळले की परत मिळत नाहीत.
2. ओळख नसलेल्या गावठी गाईसाठी संकर योग्य. परदेशी रक्त साधारण 50 टक्क्यांपर्यंतच ठेवा. ते जास्त वाढवले तर उन्हाळ्यात गाय धापा टाकते आणि आजार वाढतात.
3. आधी पाणी मोजा. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला 80 ते 100 लिटर पाणी लागू शकते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरू नका.
4. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.
5. वहीत माजाची तारीख, रेतमात्रेचा क्रमांक, विण्याची तारीख आणि दूध लिहा. मणिभाईंची सुरुवातही नोंदीपासूनच झाली होती.

विस्तार कार्यकर्त्यांनी एवढे करावे : गावात कोणत्या गाई शुद्ध वाणाच्या आणि कोणत्या गावठी, याची यादी पुढच्या माजाआधी तयार करावी. कोणत्या गाईला कोणते रेत द्यायचे, हे त्या यादीवरून ठरवता येईल.